गोबीचा गाडा, दहा रुपयांचा पुडा आणि संध्याकाळची भूक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा आठ वर्षांचा, वजन २० किलो, ताटावर बसला की दोन घासांत उठतो. मुलगी अकरा वर्षांची, उंची १४० सेंटिमीटर, वजन ४८ किलो, मानेवर काळपट पट्टा आला आहे. दोघांचीही सकाळ चहा-खारीने होते. शाळेतून येताना चिप्सचा पुडा, संध्याकाळी गाड्यावरची गोबी (मंच्युरियन) नाहीतर घरी पाकिटातले नूडल्स, आठवड्यातून तीन-चारदा कोल्ड्रिंक. आजी-आजोबा हातावर दहा रुपये ठेवतात. 'हे खाणं वाईट असेल तर एकीचं वजन वाढतं आणि दुसऱ्याचं का वाढत नाही? सगळं एकदम बंद करू का? भुकेचं टॉनिक देऊ का?'

ताई, दोन्ही मुलांची तक्रार संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत तयार होते. फास्टफूडने मुलं जाड होतात एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे बारीक मुलाच्या पुड्याकडे कुणी बघत नाही. 'खाऊ दे, तेवढंच पोटात जातंय' असं म्हणून उलट त्यालाच जास्त दिलं जातं. आपल्या भागात मात्र सर्वांत मोठं नुकसान होतं ते हे खाणं जेवणाची जागा घेतं म्हणून.

मुलाचा हिशेब मांडून बघा. आठव्या वर्षी दिवसाला साधारण १७०० कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिनं आणि १५ मिलिग्रॅम लोह लागतं. हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे आहेत. संध्याकाळचा एक छोटा पुडा म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, हाफ प्लेट गोबी साडेतीनशे ते चारशे, छोटी कोल्ड्रिंकची बाटली शंभर. बेरीज सहाशेच्या घरात गेली, म्हणजे दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा. त्यात प्रथिनं सहा-सात ग्रॅम, लोह नावापुरतं. आठ वाजता भाकरी-आमटीचं ताट समोर येतं तेव्हा त्याला खरोखरच भूक नसते. तो नाटक करत नाही. सकाळची खारीही जवळपास मैदा आणि डालडाच. म्हणजे अंगाला लागेल असं जेवण दिवसातून एकदाच, दुपारचं. अशाने २० किलोवर काटा अडकला तर नवल नाही. या वयाच्या मुलाचं सरासरी वजन २५ किलोच्या आसपास असतं.

मुलगी तेच सगळं खाते आणि वर रात्रीचं जेवणही जेवते. वय वाढीचं आहे, भूक मोठी आहे, आणि या वयात मुलींचं मैदानावर जाणं आपल्याकडे हळूहळू बंद होतं. तिचा वजन-उंचीचा निर्देशांक ४८ भागिले १.४ चा वर्ग, म्हणजे २४.५ येतो. मोठ्या माणसाला हा आकडा फार वाटणार नाही, पण मुलांसाठी वयानुसार वेगळा तक्ता असतो आणि अकराव्या वर्षी २४.५ म्हणजे स्थूलता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं केलेल्या संशोधनातून दिसलं, की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून हातपाय काडीसारखे पण पोट पुढे आलेलं असं मूल 'बारीक आहे, चालतं' म्हणून सोडून देऊ नये. शिवणाच्या टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरली, तर वजन कितीही असो, लक्ष द्यायला हवं.

गाड्यावरच्या प्लेटमध्ये काय असतं

बेळगावात कॅम्पापासून शहापूर-वडगावापर्यंत, तसंच निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी, सगळीकडे मुलांचं पहिलं मागणं गोबीचंच असतं. फुलकोबी ही भाजी चांगलीच आहे. १०० ग्रॅम कोबीत जेमतेम पंचवीस-तीस कॅलरी असतात. पण तिच्यावर मैदा आणि कॉर्नफ्लोअरचं जाड पीठ चढतं, ती एकदा अर्धवट तळून परातीत ढीग करून ठेवली जाते आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळली जाते. दोनदा तळल्याने हाफ प्लेटमध्ये चार-पाच चहाचे चमचे तेल सहज जातं. मग सोया सॉस, चिली सॉस, टोमॅटो सॉस, वर मीठ आणि टेस्टिंग पावडर. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे दोन ग्रॅमहून जास्त मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत राहायचं असतं, आठ वर्षांच्या मुलाने त्याहून कमी.

लोकांचा सगळा राग टेस्टिंग पावडरीवर, म्हणजे अजिनोमोटोवर असतो. मला तो थोडा चुकीच्या जागी वाटतो. नेहमीच्या प्रमाणात त्याने मोठं नुकसान होतं असा ठोस पुरावा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला ते देऊ नये, एवढं नक्की. त्याचा खरा तोटा असा, की साध्या, शिळ्या, बेचव मालालाही त्याने चव येते आणि मुलाला घरची भाजी मिळमिळीत वाटू लागते. तसंच 'मैदा आतड्याला चिकटतो' हेही खरं नाही. मैदा पचतो, आणि फार पटकन पचतो. साखर झपकन वर जाते, दोन तासांत पुन्हा खा-खा सुटते.

रंगाचा प्रश्न मात्र खरा आहे. ११ मार्च २०२४ ला कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियन आणि कॉटन कँडी, म्हणजे बुढ्ढी के बाल, यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या गोबीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ आणि कॉटन कँडीच्या २५ पैकी १५ नमुन्यांत घातक रंग निघाले होते. त्यातला ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग आहे, खाण्यात त्याला कुठेच परवानगी नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कबाबांवरही तशीच बंदी आली. टार्ट्राझिन, सनसेट यलो असे काही रंग बिस्किटं-मिठाईत ठरावीक मर्यादेत चालतात, गोबीत चालत नाहीत. अशा काही रंगांच्या मिश्रणाने मुलांचा चंचलपणा वाढतो का, हे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने २००७ मध्ये तपासलं, आणि काही मुलांत तो वाढलेला दिसला. त्यानंतर युरोपात २०१० पासून अशा पाकिटांवर इशारा छापावा लागतो.

घरी ढोबळ खूण बघायची तर गोबीचा तुकडा पाण्याच्या पेल्यात टाका. मिरचीचा रंग तेलाबरोबर वर येतो, कण खाली बसतात. घातलेला रंग असेल तर पाण्यात लाल धागे सुटत खाली उतरतात. बोटांचा लाल डाग साबणानेही पटकन जात नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते, पण मुलाला समोर बसवून हे एकदा दाखवलं तर दहा वेळा रागावण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

तेल काळपट, दाट झालंय, फेस धरतंय, मंद आचेवरही धूर सोडतंय, तर ते फार वेळा तापलेलं आहे. अशा तेलातले बिघडलेले घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरू नये असा नियमच आहे. भजी-वडे वर्तमानपत्राच्या कागदात घेऊ नका, शाई तेलात उतरते. स्टीलचा डबा घेऊन जा.

फ्राइड राइसबद्दल तर मी गोबीपेक्षाही जास्त सावध राहायला सांगेन. सकाळी शिजवलेला भात दुपारभर उघड्यावर राहतो. त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात आणि उलट्या करवणारं विष सोडतात. ते विष कढईत परतून जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मुलाला उलट्या सुरू झाल्या तर बहुधा हेच कारण असतं. ओआरएसचं एक लिटरचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा. अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट घालणं ही नेहमी होणारी आणि धोक्याची चूक आहे. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजा. मोमोज-सँडविचबरोबरचं मेयोनीज कच्च्या अंड्याचं असेल तर मुलांना देऊच नका.

पुडा आणि बाटली

पाकीट उलटं करून सोडियमचा आकडा बघायला शिका. मिलिग्रॅममधल्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हेही वाचा. फसगत होते ती तिथेच. पाकिटातल्या नूडल्सचं बहुतेक मीठ मसाल्याच्या पुडीत असतं.

कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलिलिटरला साधारण १०-११ ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरची बाटली संपली की पाच-सहा चमचे साखर गेली. मुलांना वरून घातलेली साखर दिवसभरात सगळी मिळून २५ ग्रॅमच्या आत असावी, ती एका बाटलीत संपते. आंब्याचं चित्र असलेली पेयंही याच पंगतीतली. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीतही साखर भरपूर असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, ते एवढ्यासाठी की अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही.

शाळेजवळच्या दुकानांत वीस रुपयांना मिळणारी एनर्जी ड्रिंकं मोठी मुलं सर्रास पितात. त्यांत कॅफिन असतं आणि 'मुलांसाठी नाही' असं बाटलीवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. अठरापर्यंत ती एक घोटही नकोत. छातीत धडधड, झोप न येणं, चिडचिड ही लक्षणं दिसली की आधी हे विचारा. चहाही मोजून द्या. पाच वर्षांपर्यंत नकोच, नऊपर्यंत अर्धा कप, पुढे एक कप.

दातांना साखरेच्या प्रमाणापेक्षा खाण्याच्या वेळा जास्त बाधतात. प्रत्येक तोंडभर बिस्किट-चिप्सनंतर वीस-तीस मिनिटं तोंडात आम्ल राहतं. एक पुडा दोन तास चघळत बसणारं मूल दात दोन तास आम्लात ठेवतं. म्हणून काही द्यायचंच असेल तर जेवणाबरोबर, एका बैठकीत, आणि वर पाणी.

अंगावर काय दिसतं

मुलीच्या मानेवरचा काळा पट्टा मळ नाही. आई लोक दगडाने, लिंबाने घासून घासून कातडी सोलतात आणि मुलगी शाळेत चिडवण्याचा विषय होते. कातडी मखमलीसारखी जाड आणि काळपट होते, काखेतही होते, कारण शरीरात इन्शुलिन जास्त वाहतं आहे. हा मधुमेहाच्या वाटेवरचा पहिला फलक आहे. घासणं आजपासून बंद करा. वजन आटोक्यात आलं की तो काही महिन्यांत फिकट होतो. तिची उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्या, रक्तदाब मुलांच्या पट्ट्याने मोजून घ्या. मोठ्यांचा रुंद पट्टा लहान दंडावर बांधला की आकडा खोटा कमी येतो. थायरॉइडची भीती सगळ्यांना असते, पण उंची व्यवस्थित वाढत असेल तर जाडपणाचं कारण थायरॉइड क्वचितच निघतं. रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सारखी तहान, वारंवार लघवी यांतलं काही असेल तर थांबू नका.

मुलाच्या बाबतीत मी पहिला प्रश्न शौचाचा विचारेन. बेंबीभोवती दुखतं, संध्याकाळी जास्त दुखतं, भूक नाही, अशा मुलांत बद्धकोष्ठ फार वेळा सापडतं आणि घरच्यांना पत्ता नसतो. 'रोज जातो' म्हणतात, पण दोन खड्यांएवढं होतं. चड्डीला पातळ डाग लागतात, ते जुलाब समजून बंद करायचं औषध दिलं जातं आणि कोष्ठ आणखी घट्ट होतो. खरं तर आत कडक गोळा अडलेला असतो आणि बाजूने पातळ झिरपतं. मैद्यात चोथा नाही, पुड्यात नाही, दुधात नाही. वय अधिक पाच इतके ग्रॅम चोथा रोज हवा, म्हणजे याला १३ ग्रॅम. जेवणानंतर दहा मिनिटं शौचाला बसवा, पाश्चात्त्य कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. दूध दिवसाला दोन कपांवर नेऊ नका. कडक गोळा साचला असेल तर नुसत्या पपईने सुटत नाही. डॉक्टरांकडून मऊ करणारं औषध काही महिने घ्यावं लागतं, आणि पहिल्या चांगल्या आठवड्यातच ते थांबवणं ही दुसरी नेहमीची चूक.

त्याचं हिमोग्लोबिनही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली सहा महिने ते पाच वर्षांची ६५.५ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. शाळेच्या वयात तो आपोआप जात नाही. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अडवतो, म्हणून चहा आणि जेवणात तासाभराचं अंतर हवं. शाळेत मिळणारी जंताची गोळी आणि दर आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी 'पोट बिघडतं' म्हणून फेकून देऊ नका, भरल्या पोटी द्या. मुलं सरकारी मराठी शाळेत असतील तर दुपारचं गरम जेवण, दूध आणि अंडं मिळतं. अंडं खाणारं घर असेल तर त्याऐवजी केळं घेऊ नकोस असं मुलाला सांगून ठेवा.

घरी काय करायचं

सगळं एकदम बंद करू नका. बंद केलेली वस्तू मुलं चोरून खातात आणि आजीला त्यात ओढतात. पहिले दोन आठवडे फक्त एकच काम करा. मूल दारात आल्यापासून वीस मिनिटांत, दप्तर ठेवल्या-ठेवल्या, खरं खाणं समोर हवं. गाड्यावर जाणारी भूक ही खरी भूक असते. ती घरात भागली तर पाऊल गाड्याकडे कमी वळतं. मूल आल्यावर कांदा चिरायला घेतला तर हुकलं.

सगळ्यात सोपा सुसला. चार वाट्या चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच दोन्ही हातांनी पिळून काढा. पाण्यात मिनिटभर जास्त राहिले तर लगदा होतो. दोन चमचे तेलात मोहरी, कढीपत्ता, कांदा, हळद. चुरमुरे घालून परता आणि गॅस बंद करून दोन मोठे चमचे डाळ्याचं पीठ आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट घाला. आच चालू असताना पीठ घातलं तर गोळे होतात. वर लिंबू. एवढ्यात दोघांचं भागतं आणि डाळं-शेंगदाण्यांतून एकेकाला चारेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. चुरमुऱ्यांत आधीच मीठ असतं, चाखून मगच घाला.

एखाद्या दिवशी ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही. कुरकुरीतपणाची हौस पुड्याशिवाय भागते. आपल्याकडच्या लाल मातीतली रताळी उकडून वर थोडं मीठ-तिखट. मटकीची किंवा हुलग्याची उसळ लिंबू पिळून, कारण लिंबाने लोह अंगाला जास्त लागतं. नाचणीची आंबील ताकातली, साखरेची नको. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. उकडलेलं अंडं म्हणजे सहा ग्रॅम प्रथिनं. मुलाच्या वाटच्या खाण्यात एक चमचा तूप आणि मूठभर शेंगदाणे जास्त, मुलीच्या वाटच्यात उसळ आणि काकडी-गाजर जास्त. पदार्थ दोघांना एकच. तिला वेगळं ताट वाढून 'तू जाड आहेस' असं दाखवू नका, मुली यावरून लपून खायला शिकतात.

गोबी घरी करायचीच. बंदी घातली तर ती आणखी हवीशी होते. रंगासाठी ब्याडगी मिरची आहेच आपल्याकडे, रंग गडद आणि तिखटपणा कमी. चार मिरच्या बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पाच लसूण पाकळ्यांबरोबर बारीक वाटा. पाव किलो कोबीचे तुरे हळद-मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून निथळा आणि फडक्यावर पूर्ण कोरडे करा. ओले राहिले की पीठ सुटतं आणि गोबी लिबलिबीत होते, बहुतेकांची इथेच फसते. तीन मोठे चमचे बेसन, एक चमचा तांदळाचं पीठ, निम्मं वाटण, चिमूटभर मीठ, पाणी जपून, तुऱ्यांना नुसता लेप बसेल इतकं. पड्डूचा, म्हणजे अप्प्यांचा, तवा चांगला तापवून प्रत्येक खळग्यात चार-पाच थेंब तेल, झाकण ठेवून चार मिनिटं, उलटून झाकण न ठेवता चार मिनिटं. वेगळ्या कढईत एक चमचा तेल, आलं-लसूण, कांदा, ढबू मिरची, एका टोमॅटोचा रस, उरलेलं वाटण, दोन चिमटी गूळ आणि फक्त एक लहान चमचा सोया सॉस. पुन्हा मीठ नको. रस आटून दाट झाला की मगच तुरे घाला, एकदा हलवा, लगेच वाढा. सगळं मिळून दोन-तीन चमचे तेल, तेही अख्ख्या घराला.

नूडल्स करायचे झाले तर आठवड्यातून एकदा, मसाल्याची अर्धी पुडी, एका पाकिटाला वाटीभर गाजर-मटार-कोबी आणि एक अंडं फोडून. मुलांच्या डॉक्टरांची भारतीय संघटना अशा सगळ्या खाण्याला मिळून आठवड्याला एकच वेळ ठेवा म्हणते. तो वार ठरवून टाका, रविवारचा बाजार असेल तर रविवार. मुलांना वार ठाऊक असला की रोजचा हट्ट दोन-तीन आठवड्यांत उतरतो. टीव्ही-मोबाइलसमोर नाही, बसून खायचं. आणि अभ्यास केला म्हणून गोबी, भाजी खाल्ली तर कोल्ड्रिंक, असा सौदा कधीच करू नका. त्याने भाजी शिक्षा ठरते.

आजी-आजोबांशी भांडू नका, त्यांना कामच द्या. दहा रुपयांत दोन केळी किंवा खारे शेंगदाणे येतात, ते त्यांच्याच हातून मिळू दे. पाचचं खाणं वाढण्याची जबाबदारी आजींकडे दिली तर निम्मा प्रश्न तिथे सुटतो.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ मुलांना विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. शाळेच्या एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत हा विषय लेखी मांडा आणि ठराव तालुक्याच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे पाठवा. गाडेवाल्याला हुसकावण्यापेक्षा त्याने बिनरंगाची गोबी, उकडलेलं कणीस, भाजके शेंगदाणे ठेवावेत असं सांगितलं तर ते टिकतं. त्याचंही पोट त्यावर आहे.

टॉनिक नको. भूक वाढवणाऱ्या बहुतेक औषधांनी मूल सुस्तावतं, आणि औषध थांबलं की भूकही जाते. दोन खाण्यांच्या मध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी आणि तासभर मैदानावर पळणं, याने भूक लागते. हा तास मुलीलाही हवा, रोज.

वजन महिन्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी. या वयात मुलाचं वजन वर्षाला दोन-तीन किलो वाढायला हवं, म्हणजे तीन महिन्यांत निदान अर्धा किलो. तेवढं वाढलं नाही, वारंवार ताप येतो, शौचात रक्त दिसतं, किंवा घरात कुणाला क्षयरोग झालेला असेल, तर खाण्यावर खापर न फोडता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मुलीचं वजन उतरवायची घाई नको, उपास तर मुळीच नको. वर्षात उंची ६ सेंटिमीटर वाढली आणि वजन ४८ वर राहिलं, तरी निर्देशांक २४.५ वरून २२.५ वर येतो. तपासणीला जाताना आठवडाभर दोघांनी काय, किती वाजता खाल्लं ते वहीत लिहून न्या, पुड्याचं रिकामं पाकीटही न्या. तोंडी सांगताना संध्याकाळचं खाणं नेमकं विसरलं जातं.